सुया थांबल्या की पुन्हा

त्या शनिवारी आमच्या घरात कुणी सरळ चालत नव्हतं. बाबा खुर्चीभोवती गोल गोल फिरत होते, आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन कशाला आले तेच विसरून परत आत जात होती, आणि मी दोघांच्या मधे भिरभिरत होते, कारण दोघंही मला एकाच वेळी हाका मारत होते. संध्याकाळी बाबा रेडिओवर बोलणार होते!

आताच्या मुलांना यात काय एवढं, असं वाटेल. पण तेव्हा रेडिओवरचं भाषण म्हणजे तोंडातून निघालं की थेट गावभर. चुकलं तर चुकलं, खोडून पुन्हा लिहायची सोय नाही. आमच्या गल्लीत रेडिओ मोजकेच, त्यातला सगळ्यात मोठा खालच्या मजल्यावरच्या काकूंचा. काकूंनी सकाळपासून जिना झाडून, खुर्च्या मांडून, जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला आमंत्रण दिलं होतं. जणू भाषण त्यांचंच होतं.

बाबा कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. मुलं त्यांना पाठीमागे 'प्रोफेसर पुन्हा' म्हणायची, कारण शिकवता शिकवता ते मधेच थांबायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि म्हणायचे, "पुन्हा सांगतो." मग तीच गोष्ट दुसरं उदाहरण देऊन सांगायची. नाव चिडवायला ठेवलेलं असलं तरी त्यांच्या वर्गात मागच्या भिंतीला टेकून उभं राहायलाही जागा नसायची. इतर विषयांची मुलंसुद्धा घुसायची, खिडक्यांत बसायची.

हे 'पुन्हा' आमच्या घरात तयार व्हायचं, ते कॉलेजात कुणाला ठाऊक नव्हतं. रोज संध्याकाळी चहा झाला की बाबा जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला उभे राहायचे आणि दुसऱ्या दिवशीचं अख्खं व्याख्यान म्हणायचे. समोर आई विणत बसलेली. बाबांचा डोळा तिच्या सुयांवर. सुया टकटक चालू आहेत तोवर मुद्दा नीट पोचतोय. सुया थांबल्या, की समजायचं गाडी अडली. मग बाबा कागदावर तिथं फुली मारायचे आणि त्या जागी नवं उदाहरण शोधायचे. "तुझ्या आईला कळलं की जगाला कळलं," असं ते मला नेहमी सांगायचे. आई यावर खाली मान घालून विणत राहायची. आमच्या घरातला प्रत्येक स्वेटर असा कुठल्या ना कुठल्या व्याख्यानावर पोसलेला होता. माझा लाल स्वेटर म्हणजे उष्णता. बाबांचा करडा, ज्याची मान जरा जास्तच घट्ट झाली होती, तो गुरुत्वाकर्षण.

रेडिओचं निमंत्रण आलं तेव्हा बाबा आनंदानं नाचायचेच बाकी होते. विषय होता, 'आकाश निळं का?' पण आठवड्यापूर्वी आवाजाच्या चाचणीला गेले आणि तोंड पाडून परत आले. बंद खोली, समोर लोखंडी जाळीचं ते माइकचं यंत्र, आणि माणूस एकही नाही. बाबांनी सगळं भाषण आगगाडीचं वेळापत्रक वाचावं तसं वाचून काढलं होतं. तिथले अधिकारी सज्जन होते, पण स्पष्ट बोलणारे. "प्रोफेसरसाहेब," ते म्हणाले होते, "त्या दिवशीही असंच झालं, तर मला तुम्हाला मधेच थांबवून व्हायोलिनची रेकॉर्ड लावावी लागेल."

"व्हायोलिनचं मला दुःख नाही," बाबा आम्हाला म्हणाले. खुर्चीत बसले होते, बूटही काढले नव्हते. "वर्गातली मुलं ऐकतात, कारण पुढे परीक्षा आहे. रेडिओ ऐकणाऱ्याला कसली परीक्षा? कंटाळा आला की त्यानं रेडिओचा कान पिळला, मी बंद. अशा माणसाला विज्ञान सांगता येतं, असं मी आयुष्यभर सगळ्यांना सांगत आलोय. ते खरं की माझी नुसती बडबड, हे आता कळेल."

त्यांचा तो चेहरा आईला बघवला नसावा, कारण ती पटकन म्हणाली, "मी येते ना. समोर बसून विणते."

अधिकाऱ्यांनी परवानगी दिली, पण एका अटीवर. सुयांचा आवाज यंत्रात जायला नको, म्हणून आईनं काचेपलीकडच्या खोलीत बसायचं. बाबांना ती दिसेल, तिला त्यांचं बोलणं छोट्या कर्ण्यातून ऐकू येईल. आई एकटी जायला घाबरत होती, म्हणून मीही. मला तर आकाश ठेंगणं झालं होतं.

तर तो शनिवार. निघायची वेळ होत आली होती. बाहेरच्या खोलीत बाबांची शेवटची उजळणी चालली होती. आईचा पिवळ्या लोकरीचा नवा गोळा हातात उंच धरून ते भिंतीला सांगत होते, "हा सूर्य. आता हा खाली खाली चालला..."

"अहो, माझा गोळा!" आई आतून ओरडली. "मळेल तो!"

"देतो, देतो. मावळू तर दे त्याला."

मी आईचे केस बांधत होते. तिचे हात बर्फासारखे गार. मी म्हटलं, "आई, तू कशाला घाबरतेस? तुला नुसतं विणायचंय. कळलं नाही की थांबायचं."

आरशातून तिनं माझ्याकडे असं काही पाहिलं की माझ्या हातातली पिन खाली पडली.

"मी कळलं नाही म्हणून थांबत नाही गं," ती हळूच म्हणाली. "मी टाके मोजायला थांबते."

"काय?"

"हळू बोल! ओळ संपली की टाके मोजावे लागतात. नाहीतर बाही वाकडी होते." तिचे कान लाल झाले होते. "लग्नानंतर पहिलं वर्षभर मी अगदी मन लावून ऐकायची. पण भराभर बोलायचे ते, मधेच विचारायची मला लाज वाटायची. मग लक्ष विणकामात जायला लागलं. एकदा मी मोजायला थांबले, तर यांना वाटलं मला अडलं. इतक्या आनंदानं त्यांनी ते पुन्हा सांगितलं, की खरं काय ते सांगायला माझी जीभच उचलेना. नंतर दिवस गेले, वर्षं गेली. आता कुठल्या तोंडानं सांगू?"

मी मटकन पलंगावर बसले. बाबांची सगळी कीर्ती, ती खच्चून भरलेली वर्गाची खोली, ती कौतुकाची पत्रं, सगळं आईच्या टाक्यांच्या हिशेबावर उभं होतं! हसू की रडू ते कळेना. दोन्ही एकदम येत होतं.

"त्यांना सांगू नकोस," आई म्हणाली. "निदान आज तरी नको."

"वेडी आहेस का? आज सांगितलं तर ते घराबाहेर पाऊल टाकणार नाहीत!"

"निघायचं का?" बाबांनी दारातून डोकं आत घातलं. आईनं घाईघाईनं विणकामाची पिशवी उचलली आणि आम्ही निघालो. खाली काकूंनी बाबांना दारात अडवून सांगितलं, "मोठ्यानं बोला हं. आमचा रेडिओ जरा घोगरा आहे." बाबा कसनुसं हसले.

रेडिओ केंद्रातल्या भिंतींना जाड कापड लावलेलं होतं. पाऊल वाजत नव्हतं, दार वाजत नव्हतं, स्वतःचा श्वास तेवढा ऐकू यायचा. अधिकारी गळ्यात हेडफोन अडकवून लगबगीनं फिरत होते. त्यांनी बाबांना आतल्या खोलीत यंत्रासमोर बसवलं आणि आम्हाला काचेअलीकडे दोन स्टुलांवर. बाबा काचेतून पाण्यातल्या माणसासारखे दिसत होते. आईनं सुया काढल्या, पिवळ्या स्वेटरची अर्धवट दुसरी बाही मांडीवर घेतली. भिंतीवरच्या घड्याळाचा लाल काटा वर आला, दारावरचा लाल दिवा लागला, आणि अधिकाऱ्यांनी बोट खाली केलं.

"श्रोतेहो," बाबांचा आवाज कर्ण्यातून आला, "आजचा आपला विषय आकाश निळं का हा आहे. सूर्याचा प्रकाश पांढरा दिसतो. तो सात रंगांचा बनलेला असतो."

झालं! तेच वेळापत्रक. फक्त स्टेशनांची नावं यायची बाकी होती. अधिकाऱ्यांनी तोंड वाकडं करून रेकॉर्डच्या कपाटाकडे पाहिलं. मी हाताच्या मुठी इतक्या आवळल्या की नखं रुतली. वर बघा, बाबा, कागदातून डोकं काढा आणि वर बघा!

आणि त्यांनी पाहिलं. काचेअलीकडे आईच्या सुया नेहमीसारख्या चालल्या होत्या, वर, खाली, वर, खाली. बाबांचे ताठलेले खांदे सैल झाले. आवाजही निवळला, घरातल्यासारखा झाला. प्रकाश म्हणजे लाटा, लाल रंगाच्या लाटा लांब, निळ्याच्या आखूड, असं ते सांगायला लागले. मधेच आईची ओळ संपली. ती थांबली, तिचे ओठ हलले. मी मनात म्हटलं, मोज बाई, मोज. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "पुन्हा सांगतो," ते म्हणाले आणि तळ्यातल्या लाटांचं उदाहरण दिलं. पाण्यात रोवलेली बारीकशी काडी. मोठी लाट तिला ओलांडून सरळ पुढे जाते, छोटी लाट आपटून चहूकडे पसरते. अधिकाऱ्यांनी कपाटाकडे पाहायचं सोडून दिलं. माझा जीव भांड्यात पडला.

तो तिथं फार वेळ टिकला नाही.

आईनं माझ्या गुडघ्याला कोपर मारलं. तिच्या सुईवरून लोकरीचं टोक लोंबत होतं. लोकर संपली होती. तिनं पिशवीत हात घातला, पिशवी उलटी केली, झटकली. नवा गोळा नव्हता.

"नुसत्या सुया हलव," मी तिच्या कानात म्हटलं.

तिनं प्रयत्न केला. पण तिला खोटं विणता येईना. सुई निसटली, टाके भराभर सुटायला लागले, आणि तिनं घाबरून ते दोन्ही हातांनी धरून ठेवले. सुया थांबल्या त्या थांबल्याच.

आत बाबा हवेतल्या कणांपर्यंत आले होते. त्यांनी वर पाहिलं. "पुन्हा सांगतो," ते म्हणाले. गर्दीतून वाट काढणाऱ्या उंच माणसाचं आणि ठेंगण्या माणसाचं उदाहरण झालं. त्यांनी वर पाहिलं. सुया थांबलेल्याच. त्यांच्या कपाळावर घाम दिसायला लागला. "हे... हे पुन्हा एकदा वेगळ्या तऱ्हेनं सांगतो." अधिकारी घड्याळाकडे बोट दाखवत हातवारे करत होते. अजून सूर्यास्त तर यायचाच होता! बाबा आता इथंच गरगरत राहणार, लाल काटा फिरत राहणार, आणि शेवटी व्हायोलिन वाजणार.

बाबांनी कागद पालथा घातला. यंत्राच्या कडेनं वाकून ते थेट आईकडे पाहू लागले.

"हे बघ," ते म्हणाले. श्रोतेहो गेलं, सगळा गाव गेला, उरलं फक्त 'हे बघ'. "काचेचा एक पेला घे. पाण्यानं भर. त्यात दुधाचे थेंब टाक, चारच थेंब, जास्त नको. खोलीतला दिवा घालव आणि पेल्यावर एका बाजूनं टॉर्च धर. आता दुसऱ्या बाजूनं नको, कडेनं बघ. पाणी कसं दिसतं?"

आईच्या मांडीवरचे हात सैल पडले. बाही घसरून जमिनीवर गेली, तिचं लक्षच नव्हतं. ती किंचित पुढे झुकली होती आणि तिचे डोळे मोठे होत चालले होते. हे पेले तिनंच तर घासले होते! घरी बाबा प्रयोग करून टेबलावर तसेच ठेवायचे, ते दुधाळ पेले. मापून आणलेलं दूध असं वाया जातं म्हणून ती त्यांच्यावर किती वेळा चिडली होती.

"निळसर," ती पुटपुटली.

काचेपलीकडे ऐकू जाणं शक्य नव्हतं. पण बाबांनी तिचे ओठ पाहिले. "निळसर!" ते जवळजवळ ओरडलेच. "का? पांढरा प्रकाश आत गेला. दुधाच्या बारीक कणांनी त्यातला निळा कडेला उधळला. आता पेल्यातून सरळ टॉर्चकडे बघ. काय दिसतं? पिवळट, तांबूस. कारण निळा वाटेतच सांडून गेला, उरला तो तांबडा. आता पेला म्हणजे आकाश समज आणि टॉर्च म्हणजे सूर्य."

"अगं बाई!" आई उभीच राहिली. "म्हणजे संध्याकाळी..."

"संध्याकाळी सूर्य खाली येतो," बाबा म्हणत होते, आणि त्यांची नजर आता सुयांवर नव्हती, तिच्या चेहऱ्यावर होती. "म्हणजे त्याचा प्रकाश किती लांबून, किती जास्त हवेतून यायला लागतो! निळा सगळा वाटेत संपला. आपल्यापर्यंत पोचला तो फक्त तांबडा. दिवसाचं निळं आकाश आणि संध्याकाळचं लाल आकाश, कारण एकच. पटत नसेल तर माझ्यावर विश्वास ठेवू नका. उठा आणि दूध आणा!"

लाल दिवा विझला. अधिकाऱ्यांनी हेडफोन काढले, दार उघडलं, आणि बाबांना म्हणाले, "असलं भाषण मी अजून ऐकलेलं नाही." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "टॉर्च आहे आमच्याकडे. पण दूध गाईचंच लागतं का हो?"

आम्ही चालतच घरी निघालो. बाबा हवेत तरंगत होते, मी त्यांच्या पुढे-मागे उड्या मारत होते, आई मात्र मान वर करून चालत होती. पश्चिमेकडे अजून तांबूस पट्टा उरला होता आणि ती त्याच्याकडेच बघत होती.

"हवेच्या कणांपाशी तुला फार अडलं आज," बाबा कौतुकानं म्हणाले. "बरं झालं. नाहीतर तो पेला भाषणात आणायचं मला सुचलं नसतं. एवढं काय अडलं होतं?" त्यांनी रुमाल काढायला कोटाच्या खिशात हात घातला आणि रुमालाऐवजी पिवळ्या लोकरीचा गोळा बाहेर आला.

तिघंही थांबलो.

"सूर्य," मी म्हटलं आणि मला हसू आवरेना.

आई हसली नाही. तिनं गोळा त्यांच्या हातातून घेतला. "अहो, मला काही अडलं नव्हतं," ती म्हणाली. "लोकर संपली होती."

"पण मग... एरवी थांबतेस ती?"

"टाके मोजायला." आणि तिनं एका दमात सगळं सांगून टाकलं, अगदी पहिल्या वर्षापासूनचं.

बाबांचा चेहरा उतरला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "म्हणजे मी इतकी वर्षं," ते म्हणाले, "भलत्याच ठिकाणी पुन्हा सांगत होतो?"

मला राहवेना. "भलत्याच कसं, बाबा? तुम्ही कुठंही थांबलात तरी वर्गातला कुणीतरी नेमका तिथंच अडकलेला असणार. नाहीतर खिडक्यांत बसून कोण ऐकतं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण ते आईला म्हणाले, "आणि तुला यातलं काहीच..."

"आज कळलं," आई म्हणाली. "सगळं कळलं. अहो, इतकं साधं होतं, तर आधी का नाही सांगितलंत?"

"गेली कित्येक वर्षं सांगतोय!"

"सुयांना सांगत होता." आई गोळ्याचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली. "माझ्याकडे बघून आज पहिल्यांदा सांगितलंत."

तेवढ्यात आम्ही गल्लीच्या वळणावर पोचलो आणि मी किंचाळले. गल्लीतले दिवे गेले होते असं क्षणभर वाटलं. गेले नव्हते, लोकांनी मालवले होते! खिडकीखिडकीत अंधार, आणि त्या अंधारात टॉर्चचे झोत, आणि प्रत्येक झोतापुढे धरलेला एकेक पेला. कुणी कडेनं बघत होतं, कुणी आरपार. "माझा झाला! माझा झाला!" असं वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडत होतं. काकू तर रस्त्यावरच उभ्या होत्या. "प्रोफेसर, तांबडं दिसतंय हो!" त्या पेला नाचवत आल्या. "पण उद्याच्या चहाला गल्लीत कुणाकडे दूध उरलं नाही, ते बघा आता!"

माणसांनी बाबांना घेरलं. सगळे एकदम बोलत होते. बाबा मात्र मान उंच करून गर्दीत आईला शोधत होते. ती दिव्याच्या खांबाशी, गोळा हातात धरून, विचारात बुडून उभी होती.

"अहो," ती तिथूनच म्हणाली. "एक विचारू?"

सगळे तिच्याकडे वळले.

"आखूड लाट जास्त उधळते म्हणालात ना? मग जांभळ्याची तर निळ्याहून आखूड. आकाश जांभळं का नाही?"

बाबांचा आनंद त्यांच्या अंगात मावेना. ते गर्दीतून वाट काढत तिच्याकडे गेले, सगळ्यांच्या देखत तिचा हात धरला आणि तिथंच, खांबाशी, आपल्या डोळ्यांना जांभळा रंग कसा कमी दिसतो ते सांगायला लागले. तिनं त्यांना तीनदा थांबवलं. तिन्ही वेळा त्यांनी पुन्हा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर बाबा टेबलाच्या टोकाला उभे राहिले. आई समोर येऊन बसली, दोन्ही हात टेबलावर मोकळे. "हं," ती म्हणाली, "सांगा." बाबांनी घसा खाकरला. रेडिओ केंद्रातही मी त्यांना इतकं घाबरलेलं पाहिलं नव्हतं. तो पिवळा स्वेटर आमच्याकडे अजून आहे, एका बाहीचा.